पुनरुत्थान आणि संशय

क्रुसावर मरण पावलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी मृतांतून उठला, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा. ईस्टरचा सण तिचाच. भय आणि संशय सरले की मग या श्रद्धेतून शांती लाभते, असे सहसा मानले जाते. शुभवर्तमानांतला क्रम मात्र उलटा आहे : शांती आधी येते, आणि तीही घाबरलेल्यांकडेच. मार्ककृत शुभवर्तमान चौथ्या शतकातील सायनायटिकस व व्हॅटिकॅनस या हस्तलिखितांत रिकाम्या कबरीपासून भिऊन पळणाऱ्या स्त्रियांपाशीच संपते. मत्तयाच्या अखेरच्या प्रसंगात शिष्य गालीलातील डोंगरावर नमन करतात, तरी काहींना संशय वाटतोच; सर्व राष्ट्रांत जाण्याची आज्ञा देताना त्यांना वगळलेले नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात हे अगदी जवळून दिसते. शिष्य भीतीने दारे लावून बसले आहेत. येशू आत येतो, शांतीचे अभिवादन करतो आणि हात व कूस दाखवतो. जखमा बुजलेल्या नाहीत. त्यांच्यातला थोमा तेव्हा तिथे नसतो. जखमांत बोट घातल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, असे तो बजावतो. आठ दिवसांनी दारे पुन्हा बंदच आहेत. पण आता थोमा त्याच घरात आहे, त्याला कोणी बाहेर काढलेले नाही. येशू त्याने मागितलेला पुरावाच पुढे करतो. चित्रकार काराव्हाज्जोच्या प्रसिद्ध चित्रात थोमाचे बोट जखमेत गेलेले दिसते. मूळ कथेत तो स्पर्श करतो असे कुठेही म्हटलेले नाही. त्याच्या तोंडून थेट श्रद्धेची कबुली येते.

न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना त्याच प्रसंगी धन्य म्हटले आहे. मग संशय हा दोषच नव्हे का, असा आक्षेप घेतला जातो. पण ते शब्द थोमाला दूर लोटत नाहीत. ज्यांना त्या जखमा कधीच दिसणार नाहीत, अशा पुढच्या वाचकांना ते धीर देतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ही दर्शने म्हणजे शोकाकुल मनाचे भास असतील. इतिहासाच्या साधनांनी याचा निर्णायक निकाल लागत नाही. तरी इ. स. ५५ च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल साक्षीदारांची यादी देतो आणि आपल्याला मिळालेली शिकवणच पुढे सोपवत असल्याचे सांगतो. म्हणजे ही श्रद्धा शतकानंतर रचलेली दंतकथा नव्हे. शिवाय रिकाम्या कबरीच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. दुसऱ्या शतकातील टीकाकार सेल्सस याने तिची टरही उडवली. केवळ पटवण्यासाठी कथा रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते.

एवढ्याने चमत्कार सिद्ध होत नाही; साक्ष जुनी आणि प्रामाणिक आहे, इतकेच दिसते. उरलेले अंतर भरवशाचे आहे. मराठीत विश्वास विधानावर ठेवतात, तसाच माणसावरही. ग्रीक ‘पिस्तिस’ या शब्दातही हे दोन्ही अर्थ आहेत. थोमाला मिळालेली शांती या दुसऱ्या अर्थाची आहे. म्हणून ज्याच्या मनाचे दार अजून भीतीने बंद आहे, त्यालाही ती परकी नाही.