पाच दद्दा आणि शनिवारची वही

२२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. तिच्या पाचही प्रमुखांची नावं ‘द’नं सुरू होत: दुर्गाराम मेहताजी, दादोबा पांडुरंग, दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर आणि दामोदरदास. म्हणून त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणत. त्यातले दादोबा म्हणजे आपले मराठी व्याकरणाचे तर्खडकर. मी जळगावची. पोस्टडॉक म्हणून सुरतेत आले तेव्हा दादोबा या गावात मास्तरकी करून गेले हे मला ठाऊक नव्हतं. अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली त्यांचं आत्मचरित्र छापून काढलं, ते वाचताना कळलं. तेव्हापासून आमच्या शनिवारच्या बैठकीला मी त्या सभेची नात मानते.

बैठक साधी आहे. आम्ही पाचजण. मी मराठी, दोघं गुजराती, एक ओडिया, एक तमिळ. माझा विषय इथल्या पांडेसरा भागातल्या प्रोसेस हाउसांमधून निघणारं रंगीत सांडपाणी. बाकीच्यांचे विषय त्याहून लांबचे. दर शनिवारी एकाचा शोधनिबंध, छापायला जाण्याआधी, बाकीचे चौघं पेन्सिल घेऊन वाचतात. लिहिणाऱ्यानं पहिली वीस मिनिटं बोलायचं नाही, हा एकच नियम. माझा एक निबंध एका नियतकालिकाकडून ‘भाषा तपासून घ्या’ एवढ्याच शेऱ्यानं परत आला होता. कुठली भाषा, कुठल्या ओळीत, काहीच नाही. त्यानंतरच्या शनिवारी आमच्या ओडिया मित्रानं दाखवलं की चूक भाषेची नव्हतीच; मी निष्कर्ष आधी लिहून मोजमापं मागून सांगितली होती. परिच्छेद उलटा केला आणि इंग्रजी आपोआप सरळ झालं.

मानवधर्म सभा काही लेखन सुधारायला निघाली नव्हती. जातिभेद, भूतबाधा, विधवांचे हाल हे तिचे विषय. जादूटोणा करणाऱ्यांना तिनं उघड आव्हान दिलं. पण मला तिची रीत महत्त्वाची वाटते: सगळ्यांसमोर बोलायचं, समोरच्यानं हरकत घ्यायची आणि झालेलं टिपून ठेवायचं. टिपणं दुर्गाराम ठेवत. सुरतेत शिळाछापखाना आणण्यात पुढाकार घेणारे तेच. छापणं आणि तपासणं एकाच माणसाच्या डोक्यात होतं.

दादोबांचं पाहा. व्याकरण त्यांनी १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी प्रसिद्ध केलं. आजच्या हिशेबानं पोस्टडॉकपेक्षाही लहान वय. ते तिथेच थांबले नाहीत. दुसरी आवृत्ती १८५०ची, आणि आवृत्त्या निघत राहिल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या व्याकरणातली एकेक व्याख्या घासून पाहिली आणि जिथे पटलं नाही तिथे तसं लिहिलं. ते निबंध १८९३ साली पुस्तकरूपानं आले. मराठीत सहकाऱ्यानं सहकाऱ्याचं काम ओळीओळीनं तपासल्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. व्याकरण शिकवताना आपण दादोबांचं नाव घेतो. चिपळूणकरांच्या हरकतीही सोबत शिकवायला हव्यात.

‘धर्मविवेचन’ हे पुस्तक दादोबांनी १८४३ साली, म्हणजे सुरतेच्या काळात लिहिलं. छापलं गेलं १८६८ साली, तेही ‘एक जगद्वासी आर्य’ या नावानं. मधल्या काळात, १८४९ साली, मुंबईत परमहंस सभा उभी राहिली ती त्यातल्याच तत्त्वांवर. म्हणजे छपाईच्या कितीतरी आधी त्या हस्तलिखिताला वाचक होते, आणि वाचून त्यावर आयुष्य बेतणारे होते. मला याचं फार अप्रूप वाटतं.

छापण्याआधी निबंध दुसऱ्याकडून तपासून घेण्याची रीत विलायतेतही तेव्हा नवीच होती. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८३२च्या सुमाराला निबंधांवर लेखी अभिप्राय मागवायला सुरुवात केली. पहिलाच निबंध जॉर्ज एअरींचा, पृथ्वी आणि शुक्राच्या गतीवरचा. परीक्षक दोन: ह्यूएल आणि लबक. ह्यूएलना निबंधाचं शास्त्रातलं स्थान सांगायचं होतं, लबकना गणितातल्या उणिवा दाखवायच्या होत्या. दोघांचं जुळेना. आमच्याकडे हे भांडण दर शनिवारी होतं. माझं मत लबकच्या बाजूचं आहे. ज्याची नेमणूक दोन वर्षांची आहे त्याला कौतुक पुढे कधीतरी मिळालं तरी चालतं. समीकरणातली चूक आजच कळायला हवी.

या दोन वर्षांशीच सगळं अडतं. पोस्टडॉक विद्यार्थी नसतो, त्यामुळे मार्गदर्शक त्याचा मसुदा वाचायला बांधील नसतो. तो कायमचा शिक्षकही नसतो, त्यामुळे विभागात त्याचं स्वतःचं माणूस नसतं. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपची मुदत दोन वर्षं; माणसं एकमेकांचं लिखाण वाचायला सरावतात तोवर कुणीतरी सामान बांधत असतो. मानवधर्म सभेचंही हेच झालं. १८४६ साली दादोबा मुंबईला गेले, १८५२ साली दुर्गारामांची बदली राजकोटला झाली आणि सभा संपली. विचार हरला म्हणून ती संपली नाही, माणसं उठून गेली म्हणून संपली. तिच्याबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं दुर्गारामांच्या टिपणांमुळे. महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली त्यांचं चरित्र लिहिताना ती वापरली.

म्हणून आम्हीही वही घातली आहे. तारीख, कुणाचा निबंध, कुणी कुठली हरकत घेतली, लेखकानं काय बदललं आणि काय बदलायला नकार दिला. नकारही लिहितो. संस्थांनी अशा वाचनाला आठवड्यातला एक तास आणि एक खोली द्यावी, आणि दुसऱ्याच्या निबंधावर घालवलेला वेळ कामात धरावा, एवढं मागणं आहे. सुरतेत कुणी मराठी संशोधक एकटाच मसुद्याशी झगडत असेल तर त्यानं बिनधास्त यावं; विषय आमच्यापैकी कुणाचाच नसला तरी चालेल.

माझी मुदत येत्या मार्चअखेर संपते. वही मी ओडिया मित्राकडे देऊन जाणार आहे; त्याचं एक वर्ष अजून बाकी आहे.