‘द चीट’ (१९१५) : फसवणूक एकीची, शिक्षा दुसऱ्याला

सेसिल बी. डिमिल दिग्दर्शित ‘द चीट’ हा अमेरिकी मूकपट डिसेंबर १९१५ मध्ये प्रदर्शित झाला. प्रेम, पैसा आणि विश्वासघात यांभोवती गुंफलेले हे नाट्य आरंभीच्या हॉलिवूडमधील महत्त्वाच्या चित्रपटांत गणले जाते. फॅनी वॉर्ड, जॅक डीन आणि जपानमध्ये जन्मलेले सेस्यू हायाकावा यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

कथानक

लाँग आयलंडच्या श्रीमंत वर्तुळात वावरणारी उधळी एडिथ हार्डी रेड क्रॉसच्या मदतनिधीची खजिनदार असते. झटपट नफ्याच्या मोहाने ती निधीतील दहा हजार डॉलर गुंतवते आणि सारी रक्कम बुडते. बदनामी टाळण्यासाठी ती हस्तिदंताचा जपानी व्यापारी हिशुरू तोरी याच्याकडून तेवढेच पैसे घेते. मोबदल्यात स्वतःला त्याच्या स्वाधीन करण्याचे कबूल करते. पुढे पतीला नफा होताच ती पैसे परत करू पाहते. तोरी ते नाकारतो आणि आपल्या मालकीच्या वस्तूंवर उमटवायची तप्त मुद्रा तिच्या खांद्यावर डागतो. ती त्याच्यावर गोळी झाडते. पती गुन्हा स्वतःवर घेतो. न्यायालय त्याला दोषी ठरवते, तेव्हा एडिथ भर न्यायालयात खांदा उघडा करते. संतप्त जमाव तोरीवर धावून जातो आणि पतीची सुटका होते. निधीच्या अपहाराबद्दल एडिथला मात्र कोणीच जाब विचारत नाही.

छायाप्रकाश आणि अभिनय

छायालेखक अल्विन वायकॉफ यांनी गडद अंधारात चेहऱ्याची एकच बाजू उजळवली, कागदी पडद्यावर सावल्या उमटवल्या. हायाकावा यांचा संयत अभिनय त्या काळच्या हातवारेप्रधान शैलीहून सर्वस्वी वेगळा होता. या भूमिकेने त्यांना तारांकित केले. फ्रान्समध्येही चित्रपटाचे मोठे कौतुक झाले.

वाद आणि बदललेला खलनायक

अमेरिकेतील जपानी समाजाने या चित्रणाचा निषेध केला. पहिल्या महायुद्धात जपान मित्रराष्ट्रांच्या बाजूने होता. १९१८ च्या पुनःप्रदर्शनात मजकुराच्या पाट्या बदलून तोरीचा ‘हाका अराकाऊ’ हा ब्रह्मी व्यापारी करण्यात आला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. त्याच वर्षी हायाकावा यांनी स्वतःची निर्मितीसंस्था स्थापन केली.

पोला नेग्री यांच्या भूमिकेने गाजलेल्या १९२३ च्या नव्या आवृत्तीत खलनायक हिंदी राजपुत्राचे सोंग घेणारा भामटा झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात हिंदी लोकांना नागरिकत्वास अपात्र ठरवले होते.

वारसा

१९३७ च्या फ्रेंच आवृत्तीत हायाकावा पुन्हा झळकले. मूळ चित्रपट १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट झाला. जपानी, ब्रह्मी, हिंदी अशी खलनायकाची ओळख बदलत गेली. तो ‘परका’ असला पाहिजे, ही अट मात्र कायम राहिली. म्हणूनच परदेशी स्थिरावलेल्या आपल्या वाचकांनी हा मूकपट केवळ जुनी कलाकृती म्हणून पाहून चालणार नाही.