खोलीत मावणारी कोल्हापूरची रेल्वे

मिरजेहून कोल्हापूरला येणारा लोहमार्ग सुमारे ४७ किलोमीटर लांबीचा आहे. त्याची १:८७ या प्रमाणात प्रतिकृती करायची म्हटले तर ५४० मीटर रूळ लागतील. आमच्यापाशी आहे बारा फूट बाय दहा फुटांची एक खोली. मुले आपापल्या संसाराला लागली, आम्हा उभयतांची शाळेतली नोकरी संपली आणि त्या रिकाम्या खोलीत कोल्हापूरची रेल्वे मांडायचे आम्ही ठरवले. दाराची अडचण सोडून दिली, तरी चारही भिंतींच्या कडेने १३ मीटर रूळ बसतात. खऱ्या मापात हे अंतर एक किलोमीटरच्या थोडे वर भरते. स्टेशनातून सुटलेली गाडी तेवढ्यात शहराबाहेरही पडणार नाही.

तेव्हा काय मांडायचे याच्या आधी काय सोडायचे ते ठरवावे लागते, आणि ते ठरवताना इतिहासात शिरावे लागते.

१:८७ हा चमत्कारिक आकडा कुठून आला, हे कोणताही चौकस विद्यार्थी विचारील. एकोणिसाव्या शतकात खेळण्यातल्या आगगाड्या जो तो कारखानदार आपल्या मापाने करी. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह आगगाडी मांडली आणि रुळांच्या रुंदीला १, २, ३ असे क्रमांक दिले. पुढे १ नंबरहून लहान माप हवे झाले, त्याला शून्य म्हणावे लागले. घरे लहान होत गेली तसे शून्याचेही अर्धे करावे लागले. इंग्रजीत ‘हाफ झीरो’, म्हणून त्याचे नाव ‘एचओ’. अर्ध्या शून्याला काही किंमत असते ती फक्त इथेच! या मापात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात, आणि युरोपातल्या बहुतेक रेल्वेचे गेज नेमके तेवढेच आहे.

आपली अडचण इथेच सुरू होते. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे साडेपाच फुटांचे. १:८७ प्रमाणातल्या भारतीय इंजिनाला १९.३ मिलिमीटरचा रूळ हवा आणि बाजारात मिळतो १६.५ चा. त्या रुळावर आपले इंजिन अरुंद बाकावर बसलेल्या पैलवानासारखे दिसते. यातून सुटायची एक सुरेख वाट आहे. एका फुटाला तीन मिलिमीटर असे प्रमाण धरले, तर साडेपाच फुटांचे बरोबर १६.५ मिलिमीटर होतात. हे प्रमाण १:१०१.६. सहावी-सातवीतल्या मुलांना गुणोत्तराचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

परंतु कोल्हापूरची गाडी मुळात ब्रॉडगेजची नव्हती. संस्थानच्या या रेल्वेच्या कामाचा प्रारंभ १८८८ साली झाला आणि १८९१ साली, मेर्कलिनचे रूळ लाइपझिगला मांडले गेले त्याच वर्षी, मिरज-कोल्हापूर गाडी सुरू झाली. मार्ग संस्थानच्या खर्चाने झाला, गाड्या सदर्न मराठा रेल्वे कंपनी चालवी. शाहू महाराज तेव्हा अल्पवयीन होते. राज्याधिकार त्यांच्या हाती आला तो १८९४ साली. कंपनीचा पुण्याकडून मिरजेवरून दक्षिणेत जाणारा मार्ग मीटरगेज होता, म्हणून कोल्हापूरचा फाटाही मीटरगेज.

या ‘मीटर’ची गोष्ट सांगण्याजोगी आहे. डलहौसीच्या काळात साडेपाच फुटांचे गेज ठरले. ते भक्कम होते पण महाग पडे. १८७० साली लॉर्ड मेयोच्या सरकारने स्वस्त, अरुंद मार्ग बांधायचे ठरवले. प्रथम सव्वातीन फुटांचा विचार होता. पण हिंदुस्थानात मेट्रिक मापे आणण्याचे तेव्हा घाटत होते, म्हणून आकडा किंचित वाढवून पुरता एक मीटर केला. मेट्रिक मापे काही आली नाहीत. त्यांचा कायदा व्हायला १९५६ साल उजाडले. तोवर शेर-पायलीने धान्य मोजणारी आणि मैलांनी अंतर सांगणारी माणसे बिनबोभाट मीटरवरून प्रवास करीत होती.

मीटरगेज स्वस्त का पडे, ते आमच्या खोलीत टेप लावताच कळले. भारतीय रेल्वेच्या नियमाप्रमाणे ब्रॉडगेजचे तीव्रात तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे, मीटरगेजचे १०९ मीटरचे. डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो. १:८७ ने भागले की ब्रॉडगेजची त्रिज्या होते दोन मीटर, म्हणजे गाडी उलट फिरवायला चार मीटर रुंदी हवी. आमची खोली तीन मीटर रुंद. मीटरगेजला मात्र अडीच मीटर पुरतात! आजची अठरा डब्यांची गाडीही या प्रमाणात साडेचार मीटरहून लांब होईल. ती भिंत फोडून स्वयंपाकघरात जाईल. सहा डब्यांची मीटरगेज गाडी इंजिनासकट पावणेदोन मीटरच्या आत बसते. मीटरचे १:८७ प्रमाणात साडेअकरा मिलिमीटर होतात, आणि बारा मिलिमीटरचे रूळ युरोपात विकत मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक आम्ही पोटात घालणार आहोत.

कोल्हापूर हे शेवटचे स्टेशन आहे, हेही आमच्या पथ्यावर पडले. पश्चिमेला सह्याद्री, रूळ तिथेच थांबले. छोट्या जागेत मांडणी करणारे लोक पहिल्यापासून अशीच स्टेशने पसंत करीत आले आहेत. इंग्लंडमध्ये सिरिल फ्रीझर यांनी १९५७ साली ‘मिनोरीज’ नावाचा शेवटच्या स्टेशनाचा एक लहानसा आराखडा छापला, तो आजही वापरला जातो. एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला पडद्याआड गाड्या उभ्या करायला चार रूळ. आमच्या पडद्यामागे मिरज असेल. मध्ये रुकडीजवळचा पंचगंगेवरचा पूल तेवढा ठेवू, बाकी स्टेशने गाळू. हातकणंगलेकरांनी रागावू नये.

मग प्रश्न उरतो सालाचा. प्रतिकृतीला एकच साल असते. १८९१ धरले तर शाहूपुरी पेठ दाखवता येत नाही, कारण ती १८९५ ची. १९१७ पूर्वीचे काही धरले तर जयसिंगपूर नाही. ते गाव शाहू महाराजांनी त्या वर्षी वसवले. सगळ्यांत मोह पडतो तो १९४३ चा. त्या वर्षी वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका-मुले, युद्धाने घरदार गेलेली, पंचगंगेकाठी येऊन राहिली. ती गेल्यावर फाळणीत घर सोडावे लागलेले सिंधी लोक त्याच जागी वसले; तेच आजचे गांधीनगर.

तरीही आम्ही १९६९ ठरवले आहे. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज झाला. त्याआधी मुंबईच्या उतारूला पुण्यात वळकटी खांद्यावर घेऊन गाडी बदलावी लागे. त्या वेळचा विशीतला फायरमन किंवा सांधेवाला आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. ज्याला जाऊन विचारता येईल असे हेच शेवटचे साल.

पुण्यात भाऊसाहेब जोशी यांचे १:८७ प्रमाणातले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. शाळांनी सहल न्यावी असे ते आहे. तिथले शहर काल्पनिक आहे. काल्पनिक शहरात पाण्याचा नळखांब कुठेही उभा करता येतो. कोल्हापुरात तसे करता येत नाही, निदान आम्हाला करायचे नाही.

यांत्रिक भागाची आम्हाला काळजी नाही; उद्यमनगरात लेथवर चाके कातून देणारे हात आहेत. वजनाचे एक ध्यानात ठेवावे लागेल. लांबी ८७ पटींनी घटते, पण वजन घनाच्या हिशेबाने घटते. टेंडरसह शंभर टनांच्या आसपास असलेले वायपी इंजिन या हिशेबाने दीडशे ग्रॅमचे होते आणि रुळावर घसरते. म्हणून पोटात शिसे भरायचे.

सध्या वहीत प्रश्न लिहून काढतो आहोत. इंजिन कशावर फिरवीत आणि ढकलायला किती माणसे लागत? गुळाचे रवे बैलगाडीतून थेट वाघिणीत चढत, की आधी गोदामात? डब्यांचा रंग कोणता? पाण्याचा खांब फलाटाच्या कोणत्या टोकाला? पहिले नाव आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त गार्डचे आहे. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहोत. प्लायवूड आणून ठेवले आहे, सुताराला मात्र अजून बोलावलेले नाही.