खळ्यातील रास आणि चेंडूचे घनफळ

मळणी आटोपून खळ्यात धान्याची रास पडली, की पूर्वी एक प्रश्न उभा राही : ही रास किती? माप भरभरून मोजावी, तर दिवस मोडणार. नुसत्या नजरेने सांगावी, तर कोणाच्या तरी वाट्याला तूट येणार. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, 'लीलावती' ग्रंथात यावर एक सुटसुटीत रीत दिली आहे. राशीचा घेर मोजावा, त्याच्या सहाव्या हिश्शाचा वर्ग करावा आणि त्यास उंचीने गुणावे. उंची मोजण्याचेही कारण नाही. जाड धान्य असेल तर ती घेराचा दहावा हिस्सा, बारीक असेल तर अकरावा, आणि कुसळाचे असेल तर नववा. घेर ६० हात असला, तर जाड धान्याची उंची ६ हात आणि घनफळ ६०० घनहस्त. रास भिंतीला टेकलेली असली, तर घेर दुप्पट धरून आलेले उत्तर निम्मे करावे. या रीतीत परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. खळ्यातील व्यवहारास तेवढी सूक्ष्मता पुरे होती.

गोलाच्या बाबतीत मात्र प्रश्न सूक्ष्मतेचा नव्हता, नियमाचाच होता. ग्रीक गणिती आर्किमिडीज याने गोलाचे खरे घनफळ इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातच सिद्ध केले होते. आपल्याकडे आर्यभटांनी, वर्तुळाचे क्षेत्रफळ त्याच्याच वर्गमुळाने गुणले म्हणजे गोलाचे घनफळ निःशेष येते, असे सांगितले. ज्या थोर पुरुषाने इ. स. ४९९ च्या सुमारास परिघ व व्यास यांचे प्रमाण ३.१४१६ इतके अचूक दिले, त्याचाच हा नियम चुकीचा होता.

'लीलावती'तील उदाहरणात चेंडूचा व्यास ७ घेतला आहे. आर्यभटांच्या नियमाने घनफळ सुमारे २३९ येते. भास्कराचार्यांच्या नियमाने १७९ पूर्णांक आणि सुमारे सहा दशांश. म्हणजे पहिले उत्तर जवळजवळ एक तृतीयांशाने फुगलेले!

भास्कराचार्यांनी नुसता नियम दिला नाही, कारणही दिले. गोलाच्या पृष्ठभागावर लहान लहान चौरस कल्पावेत आणि प्रत्येकापासून मध्यबिंदूपर्यंत निमुळती होत जाणारी सुई कल्पावी. सुईची उंची म्हणजे अर्धा व्यास. तिचे घनफळ म्हणजे तळ आणि उंची यांच्या गुणाकाराचा तिसरा हिस्सा. साऱ्या सुया एकत्र केल्या, की पृष्ठफळास व्यासाने गुणून सहांनी भागल्याचे फळ हाती येते. गोलाच्या पृष्ठफळाविषयी पूर्वीच्या लल्लाचार्यांचा नियम चुकीचा आहे, हेही त्यांनी 'गोलाध्यायात' नाव घेऊन सांगितले. पूर्वसूरींचा आदर आणि त्यांच्या चुकीचे समर्थन, या दोन गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत. विद्या पुढे जाते ती याच वाटेने.

चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. शके ११२८ चा उल्लेख असलेल्या तेथील शिलालेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात, येथे जे मापावयाचे ते मठाच्याच मापाने मापावे, अशी व्यवस्था सांगितली आहे. जेथे घनफळाचे गणित शिकविले जाई, तेथलेच माप बाजारात प्रमाण ठरले. शास्त्राच्या खरेपणाची गरज पंडितांइतकीच पदर पसरून धान्य घेणाऱ्यालाही असते, हेच त्या दगडावरील अक्षरे सांगतात.