चोपीनवरची चाल

'हॅम्लेट' शिकवताना दुसऱ्या अंकातल्या एका शब्दापाशी आम्ही दरवर्षी थबकतो. स्त्रीभूमिका करणाऱ्या पोरसवदा नटाची वाढलेली उंची हॅम्लेट 'चोपीन'च्या मापाने मोजतो. तळटीप 'उंच पादत्राण' एवढे सांगून मोकळी होते.

व्हेनिसच्या प्रतिष्ठित स्त्रियांची ही चोपीन म्हणजे आजची उंच टाचेची चप्पल नव्हे. अख्ख्या तळव्याखाली लाकडाचा वा बुचाचा ठोकळा, त्यावर कातडे. काहींची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास. १६०८ साली व्हेनिस पाहिलेला इंग्रज प्रवासी टॉमस कोरियट आपल्या १६११च्या ग्रंथात सांगतो, की पुलाच्या पायऱ्या उतरताना एक स्त्री पडली आणि आपल्याला तिची मुळीच कीव आली नाही.

आम्हांला फाब्रित्सिओ कारोसो हा नृत्यगुरू अधिक जवळचा वाटतो. त्याच्या १६०० सालच्या 'नोबिल्ता दी दामे'त चालण्याचा चक्क पाठ आहे. पाऊल टाकताना आधी चवडा उचलावा. त्याने गुडघा सरळ होतो, अंग ताठ राहते, चोपीन निसटत नाही, फरफटीचा आवाजही होत नाही. सरावाने वीतभराहून उंच चोपीनही तीन बोटांची भासते, आणि गॅलियार्डसारखे उड्यांचे नृत्यही साधते, असा त्याचा दावा. (गुरू आपल्या विद्येची भलामण करणारच, हे मान्य.)

कुलीन स्त्रिया कोणाच्या तरी आधाराने चालत, आणि पडलेली ती स्त्री एकटी होती, हेही कोरियटच नोंदवतो. त्या पुलापर्यंत ती किती वाट न पडता चालून आली, हे विचारणे मात्र त्याला सुचले नाही.