महासंगणकातील फाइल पुसते कोण?
हजारो प्रोसेसर, एक फाइल आणि मेटाडेटाची शिस्त

बीड, प्रतिनिधी - मृगाचा पाऊस पडला की लगेच पेरणी करावी, की आणखी आठ दिवस वाट पाहावी, हा प्रश्न बीड तालुक्यातील लिंबागणेशच्या शेतकऱ्याला दर जूनमध्ये पडतो. भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे परिचित असलेले हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीचे संकट ओढवते. म्हणूनच पावसाचा अंदाज वेळेवर हाती येण्याला येथे मोल आहे. या अंदाजामागील प्रचंड आकडेमोड पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील महासंगणकावर चालते. मात्र या आकडेमोडीतून निर्माण होणाऱ्या फाइलींचे पुढे काय होते, याची चर्चा क्वचितच होते. फाइल लिहिण्याइतकेच ती योग्य वेळी आणि योग्य रीतीने पुसणेही महत्त्वाचे असते.

माहितीचा वाढता पसारा

या संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये 'प्रत्युष' आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्क' हा महासंगणक कार्यान्वित झाला. 'अर्क'ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स असून त्याच्यासोबत ३३ पेटाबाइटची साठवण आहे. २६ मे २०२५ रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' हे नवे प्रारूप राष्ट्राला अर्पण करण्यात आले. पूर्वीच्या प्रारूपात १२ किलोमीटरचा चौकोन हे गणिताचे एकक होते. ते आता ६ किलोमीटरवर आले आहे. ग्रामपंचायतीच्या पातळीपर्यंत अंदाज पोहोचविणे हा त्यामागील हेतू आहे. परंतु चौकोनाची बाजू निम्मी झाली की तेवढ्याच प्रदेशात चौपट चौकोन बसतात आणि फाइलींचा आकारही त्याच प्रमाणात वाढतो. अंतिम अंदाजाबरोबर मधल्या टप्प्यांच्या असंख्य तात्पुरत्या फाइली तयार होतात. त्या पुसल्या नाहीत तर साठवण भरून पुढची फेरी अडू शकते. वेळेआधी पुसल्या गेल्या तर केलेले गणित वाया जाते.

मेटाडेटा म्हणजे फाइलीचा सातबारा

शेताच्या सातबारा उताऱ्यावर मालक, क्षेत्र आणि गट क्रमांक यांची नोंद असते. प्रत्यक्ष माती मात्र शेतात असते. फाइलीचेही तसेच आहे. तिची मालकी, आकार, बदलाची वेळ आणि तिचे तुकडे कोणत्या डिस्कवर आहेत, या नोंदींना मेटाडेटा म्हणतात. मोठ्या महासंगणकांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'लस्टर'सारख्या समांतर फाइल प्रणालीत या नोंदी मेटाडेटा सर्व्हर सांभाळतो आणि प्रत्यक्ष माहिती अनेक वेगळ्या सर्व्हरवर विखुरलेली असते. माहिती लिहिण्याचा भार अशा रीतीने वाटला जातो, पण नोंदींचे काम थोड्याच सर्व्हरवर येते. दहा हजार प्रोसेसनी एकाच क्षणी 'ही फाइल उघडा' असे म्हटले तर तलाठ्याच्या दारी साऱ्या तालुक्याची रांग लागावी, तशी अवस्था होते.

मुंबई विद्यापीठाच्या पदवीधराचे योगदान

समांतर संगणनात अनेक प्रोसेस एकमेकांना निरोप पाठवून काम करतात. त्यासाठी 'एमपीआय' हे मानक १९९४ मध्ये तयार झाले. १९९७ मध्ये आलेल्या 'एमपीआय-२'मध्ये फाइलींच्या समांतर हाताळणीचे नियम समाविष्ट झाले. हे नियम प्रत्यक्षात आणणारी 'रोमिओ' ही लायब्ररी, म्हणजेच तयार आज्ञावलींचा संच, अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विकसित झाली. तिचे प्रमुख रचनाकार राजीव ठाकूर यांनी १९९० मध्ये मुंबई विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. पुण्यातही हा विषय नवा नव्हता. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सादर केला आणि पुढे 'परम' मालिकेसाठी 'सी-पीएफएस' ही स्वतःची समांतर फाइल प्रणालीही विकसित केली.

पुसण्याची रीत

फाइल उघडणे, बंद करणे वा तिचा आकार बदलणे ही एमपीआयमध्ये सामूहिक कामे आहेत. संबंधित सर्व प्रोसेसनी ती मिळून करायची असतात. पुसण्याची आज्ञा मात्र सामूहिक नाही. ती एकाच प्रोसेसने द्यावी, अशी अपेक्षा असते. हजार प्रोसेसनी ती दिली तर एकीला यश मिळते आणि उरलेल्यांच्या पदरी 'अशी फाइल अस्तित्वात नाही' ही त्रुटी पडते. म्हणून आधी सर्वांनी फाइल बंद करावी, मग एकीने ती पुसावी आणि ते काम होईपर्यंत इतरांनी थांबावे, हा क्रम पाळावा लागतो. कोणाकडे फाइल उघडी असताना ती पुसली तर काय व्हावे, हे मानकाने प्रत्येक लायब्ररीवर सोपविले आहे. त्यामुळे एका महासंगणकावर सुरळीत चाललेली आज्ञावली दुसऱ्यावर अडखळू शकते.

तात्पुरत्या फाइलींसाठी 'बंद होताच पुसा' अशी सूचना फाइल उघडतानाच देता येते. 'रोमिओ'मध्ये अशी फाइल बंद झाल्यावर एक ठराविक प्रोसेस ती पुसते आणि त्यानंतर सर्वजण एका टप्प्यावर एकत्र येतात. मेटाडेटा सर्व्हरवरील भार कमी व्हावा म्हणून काही प्रोसेस फाइल प्रत्यक्ष उघडतच नाहीत. म्हणून पुसण्याचे काम फाइलीपर्यंत पोहोच असलेल्या प्रोसेसकडेच द्यावे लागते. आकार बदलतानाही एकच प्रोसेस काम करते आणि यश-अपयश इतरांना कळविते. हे कळविणे राहून गेले तर काही प्रोसेस पुढे जातात, काही थबकतात आणि सारे गणित अडकून पडते.

आणखी एक बारकावा आहे. सर्व प्रोसेस एकाच फाइलीत पाळीपाळीने लिहीत असतील तर 'आता कोठून लिहायचे' याची नोंद 'रोमिओ' एका छुप्या छोट्या फाइलीत ठेवते. मुख्य फाइल बंद होताना तीही पुसली जाते. मधेच आज्ञावली कोसळली तर अशा छुप्या फाइली मागे राहू शकतात.

नाव गेले, माहिती उरली

युनिक्स पद्धतीच्या प्रणालीत पुसणे म्हणजे प्रथम नाव काढून टाकणे. कोणी ती फाइल उघडून बसले असेल तर ती बंद होईपर्यंत जागा मोकळी होत नाही. 'लस्टर'मध्ये नोंद आधी जाते आणि विखुरलेले तुकडे मागाहून नष्ट होतात. साहजिकच फाइल दिसेनाशी झाली तरी साठवण लगेच रिकामी दिसेलच असे नाही. नेटवर्कवरील 'एनएफएस' प्रणालीत प्रत्येक संगणक मेटाडेटाची प्रत थोडा काळ स्वतःजवळ ठेवतो. त्यामुळे एकाने पुसलेली फाइल दुसऱ्याला काही क्षण तशीच दिसू शकते. घरच्या संगणकावर चुकून पुसलेली फाइल 'रिसायकल बिन'मधून परत मिळते. आज्ञावलीने पुसलेल्या फाइलीला मात्र असा आसरा सहसा नसतो.

आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी यातून निघणारे नियम सोपे आहेत. फाइलींची संख्या कमी ठेवावी. मेटाडेटाची विचारणा एकीने करून उत्तर सर्वांना द्यावे. पुसण्याआधी सर्वांचे काम संपल्याची खात्री करावी आणि त्रुटी दडवू नये. पहाटेच्या फेरीत साठवण भरली म्हणून गणित थांबले, तर त्याची झळ पुण्यातील संगणक कक्षापुरती राहत नाही. तिफण जुंपावी की नाही, हे त्या दिवशीच ठरवायचे असलेल्या लिंबागणेशच्या शेतकऱ्याला अंदाज उशिरा मिळतो.