रोशा गवत, इस्तंबूल आणि होटगीची बाटली

आमच्या होटगीच्या घरी सध्या एका छोट्या बाटलीवरून वाद चालू आहे. काकूंचं आतड्याच्या कॅन्सरचं केमो सुरू आहे, आणि कुणीतरी सांगितलंय की सोबत रोशा तेलाचे चार थेंब पोटात घ्या, केमो दुप्पट लागू पडतं. वर 'परदेशात संशोधन झालंय' हेही आहेच! घरच्यांना एकेकट्याला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच लिहितो. मंडळी, गोष्ट तशी भारी आहे.

रोशा म्हणजे डोंगरउतारावर उगवणारं सुगंधी गवत. एकोणिसाव्या शतकात पश्चिम खानदेशात, पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा भागात, ओढ्याकाठी त्याच्या भट्ट्या लागत. पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यावर आलं की कापायचं, भांड्यात दाबून भरायचं, खाली जाळ. वाफ नळीतून थंड भांड्यात उतरली की पाण्यावर तेल तरंगतं. वास गुलाबासारखा. हा माल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे इस्तंबूलला जायचा आणि तिथून गुलाबाच्या अत्तरात भेसळीला! युरोपातले व्यापारी त्याला 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणत. तेल तुर्कस्तानचं नव्हे, वनस्पती जिरेनियम नव्हे. (बारसं बाजारात झालं की असंच होतं.)

१८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच तेलातून एक सुगंधी द्रव्य शुद्ध वेगळं केलं. त्याचं नाव पडलं जिरॅनिऑल. म्हणजे चुकीचं नाव रसायनशास्त्रात कायमचं चिकटलं.

आता केमो. अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ मध्ये ५-फ्लुरोयुरॅसिल पुढे आणलं. कॅन्सरच्या पेशी युरॅसिल हा घटक अधाशासारखा ओढून घेतात असं दिसलं होतं. मग त्यालाच फ्लुरिन जोडून खोटं नाणं तयार केलं. पेशी ते घेते आणि तिचं डीएनए बनवण्याचं काम अडतं. आतड्याच्या कॅन्सरवर हे औषध आजही वापरतात.

२००२ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी हे दोन धागे जोडले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांनी ५-फ्लुरोयुरॅसिलबरोबर जिरॅनिऑल दिलं. नुसत्या औषधाच्या मानाने पेशींची वाढ दुपटीने रोखली गेली. जिरॅनिऑलमुळे पेशीचं आवरण सैल होऊन औषध आत शिरायला मदत होत असावी, असा त्यांचा अंदाज. २००४ मध्ये माणसाच्या गाठी रुजवलेल्या उंदरांवरही जोडीचा परिणाम चांगला दिसला.

तर काकूंच्या कानावर आलेलं ते 'दुप्पट' इथलं. खोटं नाही. पण ते बशीतल्या पेशींचं आहे, आणि तेही शुद्ध, मोजून घातलेल्या द्रव्याचं. बाटलीतल्या चार थेंबांचं आतड्यात, यकृतात, रक्तात काय होतं हे त्या बशीला कळत नाही. शिवाय या औषधाने तोंड येतं, जुलाब होतात. त्यावर असलं जहाल तेल पाजायचं म्हणजे सोललेल्या जागी तिखट. बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका, आणि तिच्या भरवशावर केमोची एकही तारीख चुकवू नका, एवढं होटगीकरांनी माझं ऐकावं.

जाता जाता, नंदुरबारचं आणखी एक. टॅक्सॉल या केमोच्या औषधाची रचना मन्रो वॉल यांच्याबरोबर ज्यांनी उलगडली ते मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले. त्या औषधाचं मूळ म्हणजे अमेरिकेतल्या पॅसिफिक यू झाडाची साल. ती गोळा केली १९६२ ला, रचना छापून आली १९७१ मध्ये, म्हणजे याकोबसेननंतर बरोब्बर शंभर वर्षांनी. आणि पेशंटला देण्याची परवानगी अमेरिकेत मिळाली तेव्हा १९९२ उजाडलं होतं.